पंगतीतलं इंग्रजी

कोथरूडहून निघाले तेव्हा पर्समध्ये निरीक्षणाचा फॉर्म होता आणि मनात धाकधूक. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेली मी. धाकधूक व्हायची ती समोरच्याला. निवृत्तीनंतर मुळशीतल्या आडगावांमधल्या शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. पौडच्या प्रशिक्षणात ढमाले बाई चाळीस शिक्षकांपुढे पाठ घ्यायला उभ्या राहिल्या. दुसऱ्याच वाक्याला मी त्यांना टोकलं, आणि त्या गप्प झाल्या त्या झाल्याच. मागून एक गुरुजी फिस्सकन हसले. आज तेच शिक्षक बाईंच्या वाडीवरच्या शाळेत त्यांचा पाठ बघायला जमणार होते. बाईंनी फोनवर सांगून टाकलं होतं, "आज अडकले तर इंग्रजी विषय शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींना देऊन टाकणार, मॅडम. पुन्हा हसं नको."

भूगावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'निसर्गाच्या कुशीत' फ्लॅट विकणारे फलक होते. निसर्ग मात्र पौड ओलांडल्यावरच भेटला. भात निघालेली खाचरं (बांध घातलेली भातशेतं) ऊन खात पडली होती. त्यांच्यापलीकडे धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि वडापमधली (माणसं भरून नेणारी जीप) आम्ही अकरा माणसं एकदम त्या बाजूला वळलो. इतक्या वेळा पाहूनही त्या पाण्यावरून माझी नजर हलत नाही.

जीपने पायथ्याशी सोडलं. चढ सुरू होतोय तोच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मागून सरपणाची मोळी घेऊन एक बाई येत होती. तिने मोळी उतरवली, आपल्या बांगडीतली पिन काढून अंगठा जोडून दिला आणि विचारलं, "शाळंत निघालाय व्हय?"

"हो. लांब आहे का अजून?"

"ह्यो काय, वरच. जेवून न्हाई ना आलात?"

"नाही. का हो?"

"बरं केलंत. त्या पोरी न्हाई म्हनू देत न्हाईत."

मला काही उमगलं नाही. मी पिन जपत वर चढले.

दोन खोल्या, पुढे ओसरी, अंगणात जांभूळ. ओसरीत पत्रावळी मांडलेल्या आणि शिक्षक पंगतीला बसलेले. पाहुणे म्हणून विस्तार अधिकारी अगदी मधोमध. मी बाईंना बाजूला घेतलं. "पाठ जेवणानंतर का?"

"जेवण हाच पाठ हाय, मॅडम." त्या पदर खोचत म्हणाल्या. "पौडवरनं आले आन् चार दिवस इंग्रजीचं पुस्तक उघडलं न्हाई. आमच्या पोरी घरी कातकरी बोलत्यात, वर्गात मराठीलाबी तोंड उघडीनात. पर पंगतीत वाढताना गप कोण बसतंय? म्हनलं, हितंच इंग्रजी घालू. आग्रह इंग्रजीत करायचा. आन् जेवणाऱ्यानं धड वाक्यात नकार दिला तरच सोडायचं."

मी पानावर बसले. बाई पुढे आल्या. "गुड आफ्टरनून," म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ हलले, शब्द येईना. पौडला हसलेल्या गुरुजींनी घसा खाकरला. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. या वेळी नाही.

बाईंची नजर भिरभिरत माझ्या पानावर आली. पान रिकामं होतं. समोर पाहुण्याचं पान रिकामं, आणि मावळातली बाई गप्प राहील? "मॅडम, यू आर नॉट ईटिंग," त्या म्हणाल्या. "व्हाय? सिट प्रॉपरली. टेक पिठलं. गर्ल्स, कम!"

मग पोरी सुटल्याच. आठ वर्षांची रंजना भाकऱ्यांची टोपली घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभी राहिली. "सर, वन मोअर."

"नो, नो."

"नॉट नो नो. फुल सेंटेन्स, सर."

साहेबांनी पानावर हात आडवा धरला. रंजनाने नाचणीची भाकरी त्या हातावर ठेवली. "माय मदर मेक. यू ईट." ओसरी हसून हसून लोळली, साहेबांसकट. पौडला हसलेल्या गुरुजींना तर एकही वाक्य सुचेना. ते नुसते "इनफ, इनफ" करत राहिले आणि दर इनफला एक पळी पिठलं पडत गेलं. शेवटी बाईंनीच जवळ जाऊन हळूच सांगितलं, "सर, से, आय ॲम फुल, थँक यू." गुरुजी ते म्हणाले तेव्हा कुठे सुटले. 'मेक' कानाला टोचला होता, खोटं कशाला बोलू. पण रंजनाच्या आईची भाकरी फार चांगली होती. मी तीन खाल्ल्या. पंगत उठली तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंना विचारलं, "हे आमच्या बाकीच्या शाळांना शिकवाल का?"

उतारावर बाई पोचवायला आल्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. मी म्हटलं, "अहो नको, फार झालं."

"इंग्लिशमधी, मॅडम."

मी दोन-तीन सुबक, निर्दोष नकार दिले. एकही टिकला नाही; सोडायचा नियम पंगतीपुरताच होता. गाठोडं माझ्या हातात आलं.

"आणि तो विषय?" मी विचारलं. "गुरुजींना देणार होतात."

"देते कशाला?" ढमाले बाई म्हणाल्या. "माझा हाय त्यो आता."

जीपमध्ये मला इतका आनंद झाला होता की शेजारच्या अनोळखी बाईला मी अर्धी भाकरी आग्रहाने खायला लावली.

घरी येऊन फॉर्म भरायला बसले. सगळे रकाने भराभर झाले. शेवटचा होता, 'आढळलेल्या चुका'. तिथे लिहिलं: एक. पौडला. माझी.