गोणपाटाने बुजवलेली खिडकी

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर वाकडंतिकडं येतं, काने-मात्रे चुकतात. कधी कुणाच्या हाती हे कागद पडले तर त्याने सांभाळून घ्यावं. चारचौघांत बोलणं मला अजून जमत नाही, म्हणून लिहिते.

माझे यजमान मुंबईला गिरणीत होते. गावच्या माणसांची मिळून एकच खोली, पाळीपाळीने झोपायचे. खिडकी धुराड्याकडे. उघडली की भातावर काजळी पडायची, म्हणून ती बंदच. त्या कोंडलेल्या हवेत आधी एक जण खोकत खोकत गावी परतला, मग यांना खोकला लागला. थुंकीतून रक्त पडलं तेव्हा खोलीतल्यांनी आपसांत पैसे जमवून यांना एसटीत बसवून दिलं.

घरी सासूबाईंनी ताट, पेला, चादर सगळं वेगळं केलं. आणि आजारी लेकाला वारा बाधू नये म्हणून आतल्या खोलीच्या खिडकीत गोणपाट कोंबलं. आमची लहान मुलगी रोज संध्याकाळी तिथेच बापाच्या उशाशी बसून गोष्ट ऐकायची. त्यांच्या ताटाला शिवत नाही ना, म्हणून आम्ही निर्धास्त.

हे म्हणायचे, "आये, माका पडवीत तरी निजव. हंयसर मी सुको बांगडो झालंय."

"सुक्या बांगड्याक ऊन लागता. तुका वारो लागात. गप रव," सासूबाई म्हणायच्या.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. क्षय निघाला. डॉक्टरांनी सुया आणि गोळ्या सांगितल्या, मध्येच सोडायच्या नाहीत म्हणाले. घरी कसं ठेवता, असं विचारलं. मी ताट-पेल्याचं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं, शाबासकी मिळेल असं वाटून.

ते रागावले नाहीत. "बाई, हे जंतू ताटातून जात नाहीत. खोकल्याबरोबर हवेत उडतात आणि बंद खोलीत तरंगत राहतात. खिडकी उघडा. आणि मुलीलाही तपासायला आणा."

घरी आले ती सरळ आत गेले आणि गोणपाट ओढून काढलं. सासूबाई धावत आल्या. "ह्या काय करतंस गो? मारतलंस तेका?"

लग्न झाल्यापासून मी त्यांना उलट शब्द बोलले नव्हते. म्हटलं, "आई, आपण ताट राखलां आणि वारो कोंडलो. चेडू तोच वारो घेता."

सासूबाई आमच्या मुलीकडे बघत राहिल्या. मग बाज बाहेर न्यायला त्यांनीच दुसरीकडून हात लावला. हे म्हणाले, "माडाखाली नको हां. क्षयातसून वाचलंय तर नारळान मरतलंय." सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या, का रडल्या, मला कळलं नाही.

मुलीला काही निघालं नाही. तरी ती नुसती शिंकली तरी माझा जीव उडायचा.

औषध पुरं झालं. हे पुन्हा गिरणीत गेले नाहीत. किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्यांत आधी नुसते दोरीला हात लावून उभे राहायचे, मग खरंच ओढू लागले. मासळीच्या मिळालेल्या वाट्यातून खोलीतल्यांचे पैसे थोडे थोडे मुंबईला पोचते करायचे.

चतुर्थीला मुंबईच्या खोलीतले एक भावोजी गावी आले होते. म्हणाले, "पैशांची घाई कोणाक होती रे?"

"माका होती," हे म्हणाले.

मी दाराआडूनच बोलले, "भावोजी, खोलयेची खिडकी उघडी ठेवा. काजळी पडली तर भात झाका. आणि खोकतत तेंची थुंकी तपासून घेवा."

"वयनी बोलाक लागली मरे," ते हसले. मग गंभीर होऊन हो म्हणाले.

यांनी उरलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले. खोलीचं सगळं देणं फिटलं.