माझ्या सावडीचा दिवस

आमच्या कोळवण खोऱ्यात आम्ही बाया भातलावणीला सावड करतो. आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या तू आमच्या. पैसा नाही, दिवसाला दिवस. ज्या घरची सावड, त्या घरच्या बाईनं बांधावर न्याहारी न्यायची. त्या वर्षी पाचजणींच्या शेतात माझं राबून झालं होतं आणि शेवटची पाळी माझी होती.

आदल्या संध्याकाळी न्याहारीसाठी वाटाणे भिजत घातले आणि नवऱ्यानं मला मारलं. कारण विचारू नका, त्यालाही सांगता यायचं नाही. या वेळी हात मोडला. सकाळी कंपनीत जाताना त्यानं माझा मोबाईल घेतला, मागच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली सासूकडे दिली. तोंडावरची सूज कुणाला दिसायला नको ना! मी भाताच्या पोत्यावर बसून राहिले. ओरडले नाही. ओरडून कुणी येत नाही, हे कधीच कळून चुकलं होतं.

दिवस वर आला तसा अंगणात गलका झाला. न्याहारी आली नाही म्हणून पाचीजणी चिखलाच्या पायांनी थेट घरी आल्या होत्या.

“मावशी, सून कुटं हाय?”

“माह्यारला गेलीया,” सासू म्हणाली.

इथंच ती फसली. ताप आलाय म्हणाली असती तर हळहळून निघून गेल्या असत्या. पण स्वतःच्या सावडीला माहेरी जाणारी बाई आमच्या खोऱ्यात अजून जन्मायची आहे.

“सावड टाकून माह्यारला? आन् मागच्या खोलीला कुलूप कशापायी?” आमच्यातली थोरली म्हणाली. तिला आम्ही आक्का म्हणतो. “किल्ली आना. न्हाईतर आमी हितंच बसतो.”

आणि बसल्या की! सासूच्या नव्या फरशीवर, चिखलासकट. एकीनं बायकांच्या हेल्पलाइनला फोन लावून सासूला ऐकू जाईल असा पत्ता सांगितला. पोलिसांच्या गाडीआधी किल्ली आली. दार उघडल्यावर आक्का आत आली. तिनं पावसासाठी डोक्यावर घेतलेला प्लास्टिकचा कागद काढून माझ्या खांद्यावर टाकला. तेव्हा मात्र मी रडले. हात दुखत होता म्हणून नाही, कुणीतरी आलं म्हणून.

मग पौडच्या दवाखान्यात प्लास्टर, पोलिसांत तक्रार, काही दिवस पुण्यात बायकांच्या निवाऱ्यात. आता पिरंगुटला खोली घेतली आहे, कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. केस चालू आहे.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला तो समोर येणार म्हणून जाऊच नये असं वाटत होतं. बसस्टॉपवर आक्का उभी.

“तुजा एक दिवस हाय माझ्याकडं,” ती म्हणाली.

त्यानंतर दर तारखेला एकेकजण आली. माझ्या शेजारी बाकावर बसायची आणि माझ्या नवऱ्याकडे असं बघायची की तोच मान खाली घालायचा.

पाचीजणींचे दिवस फिटले. पुढच्या तारखेला एकटीच निघाले, तर स्टॉपवर पुन्हा आक्का.

“आक्का, तुमचा दिवस तर फिटला.”

“व्हय. ह्यो उसना घे. लावणीला यिऊन फेड.”

कुलपातून सुटले त्या दिवसापासून मी कोळवणच्या एसटीत पाय ठेवला नव्हता. छातीच होत नव्हती. आता जाणं आलं.