काकांच्या हातातली छत्री

आमच्या थोरल्या काकांइतका घाबरट पुढारी अख्ख्या पेठ तालुक्यात दुसरा नसेल. बिबट्याला ते भीत नाहीत. गोठ्याशी आलेल्या बिबट्याला त्यांनी एकदा नुसत्या शिव्या घालून पळवलं होतं. ते भितात स्वतःच्या हाताला. काका आमच्या कोकणा आदिवासींच्या पाड्याचे कारभारी. भांडण, सोयरीक, नागलीची लावणी, मत, सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. शब्द कसला, नुसत्या हालचालीवर. ओठावर गळू झालं म्हणून एकदा त्यांनी मिशी काढली, तर आठवड्याभरात निम्मा पाडा बिनमिशीचा झाला. कंबर धरली म्हणून त्यांची लावणी लांबली, तर शेतात कुणीच वाकलं नाही.

पूर्वी निवडणूक आली की काका ओट्यावर बसून चिन्ह सांगायचे आणि सगळे तेच बटण दाबायचे. मागच्या खेपेला ओढ्यावर पूल बांधून देतो म्हणणाऱ्याला त्यांनी सगळी मतं मिळवून दिली. पूल झाला नाही. पुढच्याच पावसाळ्यात त्यांच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, कळा लागल्या तेव्हा ओढा फुगलेला होता. घोंगडीच्या झोळीतून तिला पलीकडे नेईपर्यंत दुपार उलटली. वहिनी परत आली, बाळ आलं नाही.

यंदा पंचायत समितीची निवडणूक लागली तेव्हा वहिनीला पुन्हा दिवस गेलेले, आणि काकांनी तोंडाला कुलूप घातलेलं. मग लोक त्यांचा हात बघू लागले. चिन्हं होती कपबशी, शिट्टी आणि छत्री. काका वाटीतून चहा प्यायला लागले. बकऱ्यांमागे शीळ घालायचे, ती बंद केली. बकऱ्या बिचाऱ्या चुकून दुसऱ्यांच्या अंगणात जायला लागल्या. छत्री माळ्यावर गेली. तरी रोज सकाळी दोघंतिघं सहज आल्यासारखे येत आणि काकांच्या हातात काय आहे ते बघून जात.

मी पाड्यातली पहिली बी.ए. पंचवटीत खोली घेऊन शिकले, तिथंच नोकरी करते, आणि याचा मला अभिमान आहे. मतदानासाठी आले तेव्हा ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की मत गुप्त असतं, ज्याचं त्यानं ठरवायचं. माणसं माझ्या बोलण्याला मान डोलवत होती आणि बघत होती काकांकडे. काकांनी मला आत बोलावलं.

"तू सांगते ते खरं हाय, पोरी. पर मला लय भ्या वाटतं. परत चुकलो तर सुनंला तोंड कसं दाखवू?"

मतदानादिवशी काकांना ताप भरला. ऊन रणरणत होतं, केंद्र डोंगराखालच्या शाळेत. ते नको नको म्हणत असताना मी माळ्यावरची छत्री काढली आणि त्यांच्या डोक्यावर धरली. शाळेजवळ पोलिसानं अडवलं. छत्री मिटा, चिन्ह आहे म्हणाला. मी शिकलेली. भर रांगेसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "ही आजारी माणसाची छत्री आहे. मिटणार नाही."

सगळी रांग वळली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मिटायला म्हणून त्यांनी छत्री माझ्या हातातून ओढून घेतली, आणि ती गंजकी छत्री काही केल्या मिटेना. रांगेतली एक म्हातारी समाधानानं म्हणाली, "सांगितलं बाई एकदाचं कारभाऱ्यानं."

आमच्या केंद्रावर छत्री सोडून बाकीच्यांना जेमतेम पाचसात मतं पडली. त्यातलं एक माझं. छत्रीवाला निवडून आला. हार घालून पाड्यावर आला, काकांच्या पाया पडायला वाकला, तर काकांनी पाय आखडून घेतले. मी पुलाचं विचारलं. "बघू ना, ताई," म्हणाला. मागचाही असंच म्हणाला होता.

म्हणून पावसाच्या आधीच वहिनीला मी पंचवटीला माझ्या खोलीवर न्यायचं ठरवलं. काका ओढ्यापर्यंत आले. उन्हासाठी छत्री आणली होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "आता तू धर. माझा हात दमला."

वहिनी एका हातानं पोट सांभाळत कोरड्या ओढ्यातल्या दगडांवरून उतरली. तिच्या डोक्यावर छत्री धरून मी मागे पाहिलं. पोचवायला आलेली माणसं काकांकडे बघतच नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

चढ चढून वर आलो तेव्हा पलीकडून शीळ ऐकू आली, किती दिवसांनी. काका बकऱ्यांमागे निघाले होते. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. पलीकडची माणसं आता त्या हाताकडे बघू लागली.