थई जशे

आज जुन्या फायलीतून कार्बन पेपरचा वास आला आणि कुसुमताई आठवल्या. नव्वदच्या दशकात त्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. घडियाळी पोळ या आमच्या गल्लीतल्या बालवाडीला नळ हवा, म्हणून आम्ही दोघी नगरसेवकांकडे गेलो.

अर्ज न वाचताच ते हसून गुजरातीत म्हणाले, “थई जशे, बेन.” होऊन जाईल म्हणाले, म्हणजे झालंच, असं समजून मी उठले. ताई हलल्याच नाहीत.

“थई तो जशे, पण करशे कोण?” होईल खरं, पण करणार कोण, असं विचारत त्यांनी अर्जाची कार्बन प्रत पुढे सरकवली. “यावर तारखेसकट लिहून द्या.”

साहेबांचं हसू मावळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती संशयी बाई! नळ मात्र त्या कागदानेच आणला.

आता मीच नगरसेविका आहे. सकाळी एका संस्थेच्या मुलीला मी हसून म्हणाले, “थई जशे.” तिने अर्जाची प्रत पुढे केली.