इंजिन सुरू झालं, गाडीचं नंतर बघू

उस्तादांच्या घरातून दुरुस्तीसाठी कुठलीही वस्तू बाहेर जात नाही. याचा अर्थ ती घरात दुरुस्त होते, असा मात्र कुणी घेऊ नये. मिक्सरचं भांडं स्वयंपाकघरात आणि मोटर माळ्यावर, अशी त्यांची ताटातूट होऊन बराच काळ लोटला. भिंतीवरच्या घड्याळाची पाठ उघडी आहे. इस्त्री पोटातल्या तारा बाहेर काढून कपाटावर पडली आहे. ‘सवड मिळाली की बसवतो,’ असं उस्ताद म्हणतात. निवृत्त झाले तरी ती सवड त्यांना मिळालेली नाही.

नोकरी पाणीपुरवठा कचेरीत, भांडारपालाची. पंपांच्या सुट्या भागांची खोकी त्यांच्या ताब्यात असत; ती उघडणारे लोक वेगळे होते. जन्मभर बंद खोक्यांवर बसल्याचं उट्टं ते आता घरातल्या वस्तूंवर काढतात, असं त्यांच्या बायकोचं मत आहे. ती इस्पितळात परिचारिका. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणतात आणि नवऱ्याला उस्ताद. पहिल्या नावात आदर आहे. दुसरंही आदरानेच दिलेलं आहे, अशी फक्त उस्तादांची समजूत आहे.

गाडी सिस्टरची. इस्पितळ गावाबाहेर आणि सकाळपाळीच्या वेळेला बस नाही, म्हणून तिने ती घेतली होती. रेडिएटर गळायला लागला तेव्हा उस्तादांनी तो साबणाने लिंपला आणि ‘आता दहा वर्षं बघायला नको’ असा निर्वाळा दिला. त्याच आठवड्यात भर रस्त्यात बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिनाने मान टाकली.

“इंजिन संपलं, दुसरं बसवावं लागेल,” गॅरेजवाला म्हणाला. “सोडा माझ्याकडे. आठवड्याभरात देतो.”

सिस्टर ‘बरं’ म्हणणार, तेवढ्यात उस्ताद हसले. “त्यात बसवायचं काय एवढं? चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. घरच्या घरी होतं.”

गाडी ढकलत घरी आली. भंगार बाजारातून दुसरं इंजिन आलं. पोर्चच्या तुळईला साखळीची चेनपुली टांगली गेली आणि तिच्याभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. खुर्च्या कशाला, ते सिस्टरला दुसऱ्या दिवशी कळलं. उस्तादांना प्रेक्षक असल्याशिवाय बोल्ट फिरवता येत नाही. शेजारचे मास्तर, त्यांचे मेहुणे, समोरचा शिंपी असे सगळे येऊन बसत. उस्ताद पाना हातात धरून इंजिन या विषयावर बोलत. पाना क्वचितच कशाला लागे. चहा सिस्टर करी, कारण काम करून आलेली अशी घरात तीच काय ती असे.

“पेशंट उघडा टाकून आम्ही चहाला बसत नाही हो,” ती एकदा कप ठेवता ठेवता म्हणाली.

“तुमच्याकडे घाई असते. इथे शास्त्र आहे,” उस्ताद म्हणाले.

आतून सासूबाईंचा आवाज आला. “त्याच्या शास्त्रापायी माझं घड्याळ गेलं. मला विचार.”

सिस्टर रोज कुणाच्या तरी मागे बसून इस्पितळ गाठू लागली. कधी दूधवाल्याच्या टेम्पोतून, कधी वॉर्डबॉयच्या स्कूटरवर. निम्म्या वेळा उशीर होई. वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर आता कुठे ऑपरेशन थिएटरचा चार्ज तिच्याकडे येणार होता. मेट्रनने तिला खोलीत बोलावून सांगितलं, “सोमवारपासून थिएटर तुझं. सात वाजता पहिली केस आहे. पहिल्याच दिवशी उशीर केलास तर चार्ज दुसरीला. मग माझ्याकडे रडत यायचं नाही.”

हे तिने घरी जसंच्या तसं सांगितलं.

“सोमवारी तू याच गाडीने जाणार,” उस्ताद म्हणाले. “लिहून घे.”

रविवारी दुपारी नवं इंजिन बसवायचं ठरलं. खुर्च्या कमी पडल्या. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसते ती थाळीएवढी क्लचप्लेट उस्तादांनी उचलली आणि मंडळींना दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवली. मास्तरांना नीट दिसली नाही म्हणून पुन्हा फिरवली. बोलता बोलता, हातात होती तशीच ती बसवून टाकली. सिस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. प्लेटच्या एका अंगाला काहीतरी छापलेलं तिने पाहिलं होतं. कापलेलं पोट शिवण्याआधी प्रत्येक वस्तू मोजायची, बघायची, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं.

“अहो, त्यावर काहीतरी लिहिलंय. कुठली बाजू कुठे ते असेल. वाचा ना एकदा.”

“लिहिलेलं असतं ते अडाण्यांसाठी,” उस्ताद मास्तरांकडे बघत म्हणाले. “तू तुझी इंजेक्शनं दे.”

मंडळी हसली. सिस्टरने खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी किल्ली फिरली आणि इंजिन खरोखर सुरू झालं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी काच खाली करून, हुजऱ्याने पडदा बाजूला सारल्यावर राजा बघतो तसं सगळ्यांकडे पाहिलं. मग क्लच दाबून गिअर टाकायला गेले. आतून करकर असा आवाज आला. पुन्हा टाकला, पुन्हा करकर. पहिला पडेना, दुसरा पडेना, मागचाही पडेना. मेहुण्यांना एकदम घरचं काम आठवलं. शिंपी त्यांच्यामागून गेला. मास्तर तेवढे चहासाठी थांबले.

“गाडी कधी चालेल?” सिस्टरने विचारलं.

“इंजिन सुरू झालं की नाही?” उस्ताद घाम पुसत म्हणाले. “गाडी चालणं हा वेगळा विषय आहे. प्लेट नवीन आहे, रुळेल. थोडे दिवस लागतील.”

“थोडे दिवस?” सासूबाई दारातून म्हणाल्या. “हिची सोमवारची पाळी काय तुझी प्लेट रुळायची वाट बघत बसणार आहे?”

सिस्टर भांडली नाही. आत गेली आणि तिने गॅरेजवाल्याला फोन लावला. नवऱ्याला न विचारता या घरातली वस्तू बाहेर पाठवण्याची ही पहिलीच वेळ होती. तिला वाटलं होतं तितकं ते अवघड नव्हतं.

सोमवारी तांबडं फुटताना जीप दारात आली. गॅरेजवाल्याने गाडीला दोर बांधला. ओढताना स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं होतं. ‘माझं इंजिन परक्याच्या हाती देणार नाही,’ म्हणत उस्ताद आपणहून गाडीत बसले. सिस्टर गणवेशात, पर्स मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढे बसली. गॅरेज इस्पितळाच्याच रस्त्यावर होतं, थोडं पलीकडे. मागे दोराच्या टोकाला उस्ताद ताठ मानेने चालले होते. इंजिन त्यांनी चालू ठेवलं होतं, आणि ओळखीचं माणूस दिसलं की हॉर्न वाजवत होते.

इस्पितळाच्या फाटकाशी जीप थांबली तेव्हा सात वाजायला वेळ होता. मेट्रन पायरीवर घड्याळ बघत उभी होती. तिने जीप पाहिली, दोर पाहिला, दोराच्या टोकाची घरघरणारी गाडी पाहिली.

“ही गाडी तुझी?”

“हो.”

“आणि आत ते कोण?”

“तेही माझेच,” सिस्टर म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

गाडी परत आली. क्लचप्लेट उलटी होती, एवढंच गॅरेजवाला म्हणाला. ‘इंजिन मी बसवलं, त्याने फक्त किरकोळ बघितलं,’ असं उस्ताद गल्लीत सांगतात. ऐकायला हल्ली मास्तरही बसत नाहीत, कारण चहा बंद झाला आहे. थिएटरचा चार्ज घेतल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला सिस्टरने गाडीची डिकी उघडली आणि मिक्सरची मोटर माळ्यावरून उतरवून तीत ठेवली. मग इस्त्री ठेवली.

“अगं, ते कुठे नेतेस? सवड मिळाली की मी...” उस्ताद दारात आले.

त्यांना बाजूला सारत सासूबाई घड्याळ घेऊन बाहेर आल्या. “सरक रे. तिला उशीर होतोय.”