घाटाच्या दोन्ही बाजूंचा मुऱ्या

बरणीतले सगळे दोरे गुलाबी झाले होते.

"यातला घाटावरचा मासा कोणता?" साहेबांनी विचारले. मी बरणी उजेडात धरून पाहिली.

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून. साहेबांना गोड्या पाण्यातल्या माशांच्या अभ्यासाचा नाद होता. मासे आणून स्पिरिटात ठेवायचे काम माझ्याकडे. स्पिरिटात शाई पुसते, म्हणून साहेबांच्या हुकुमाने शेपटीला दोरा बांधत असू. खालच्या उल्हास नदीचा मासा लाल, घाटमाथ्यावरच्या इंद्रायणीचा पांढरा. लाल दोऱ्याचा रंग सुटला आणि पांढऱ्यालाही लागला.

बरणीत सगळा मुऱ्याच होता. वाळूत राहणारा, मिशांचा, बोटभर मासा.

साहेब म्हणाले, "एक नदी पश्चिमेला, दुसरी पूर्वेला. मध्ये घाट. मासा एकच कसा? तुम्ही घाटावर गेलाच नाही. सगळे खाली कल्याणलाच धरले."

म्हणजे मी खोटा रिपोर्ट दिला, असा त्यांचा आरोप. नोकरी जाणार, हे मला कळले.

"साहेब, आपण स्वतः चला," मी म्हणालो.

ते आले, हे त्यांचे उपकार. जाळे घेऊन कल्याणचा धर्मा कोळीही आला. पहिल्या खेपेलाही तोच सोबत होता. आधी घाटाखाली, मग माथ्यावर, साहेबांसमोर त्याने जाळे टाकले. दोन्हीकडे मुऱ्या.

"सायेब, यो मासा काय तिकीट काढून घाट चढला?" धर्मा म्हणाला.

साहेब हसले नाहीत. कड्याच्या टोकाशी गेले. मागे रुंद, सपाट खोरे होते आणि ते कड्यावर एकदम तुटले होते. एवढ्या खोऱ्यात ओहोळ मात्र अरुंद.

"नदीचा वरचा भाग गेला कुठे?" ते स्वतःशीच बोलले. मग मला समजावले. तीव्र उताराचा खालचा ओढा खडक वेगाने झिजवतो. युगानुयुगे कडा मागे खात तो वरच्या नदीला गाठतो आणि तिचे पाणी खाली ओढतो, माशांसकट. पुढे एकाच जातीचे, पण दोन नद्यांत विभागलेले मासे वेगवेगळे होत जातात.

मी ताजे मासे शेजारी ठेवून अंगावरचे पट्टे मोजले. खालच्यांना जास्त, वरच्यांना कमी. एकही अपवाद नाही. ठाण्यात त्याच पट्ट्यांवरून जुन्या बरणीतले मासे निवडून झाले.

"दोरा माझा होता," साहेब म्हणाले, "आणि संशयही." वरिष्ठाच्या तोंडून एवढे मी पुन्हा ऐकले नाही. धर्माला मी धोतरजोडी दिली.

मासा घाट चढला नव्हता. नदी सरकली होती. दोरा तेव्हापासून आम्ही पांढराच वापरतो; खालच्या माशाला एक गाठ, वरच्याला दोन.