पंचांगाने बसलेली टाकी

"चिंचेचं पाणी टाकीत चोवीस तास ठेवायचं असतं. फार तर छत्तीस. पाच दिवस नाही."

"मग काढायचं होतंस. तुझे हात कोणी बांधून ठेवले होते?"

"पूजा कोणी मांडली होती?"

"मी मांडली. देवाची मांडली. त्यात काय चोरी केली?"

पद्मिनीने पेट्रोलची टाकी उचलून गराजच्या ट्यूबलाइटपुढे धरली. वरच्या तोंडातून आत पाहिलं तर तळाच्या जोडावर उजेडाचे तीन ठिपके दिसत होते. सुईच्या नाकाएवढे. तिने टाकी नवऱ्यापुढे केली.

"बघा."

"मला काय दाखवतेस? भोकं आहेत हे मला फोनवरूनही कळलं असतं."

"तुम्हाला सगळं फोनवरूनच कळतं."

रवींद्र जोगळेकर पायरीवर बसला होता, मांडीवर एक मोठं खोकं घेऊन. त्या खोक्यात नवी टाकी होती. शुक्रवारी मागवलेली, आज रविवारी सकाळी दारात येऊन पडलेली, काळी कुळकुळीत, आयतीच रंगवलेली. म्हणजे भोकं दिसायच्या दोन दिवस आधीच त्याने ती मागवली होती. हे पद्मिनीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. खोक्यावरची तारीख तिने आल्या आल्या वाचली होती, कारण खोक्यांवरचे आकडे वाचणं हेच तिचं काम होतं.

अकरा वर्षं ती अमेरिकेत, स्टर्लिंगमधल्या एका ऑटो पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर उभी राहत होती. हर्नडनच्या मराठी मंडळात रवींद्र सांगायचा, "मिसेस रिटेल मॅनेजमेंटमध्ये आहेत." मिसेस फिल्टर, बेल्ट आणि ब्रेक पॅड विकत होत्या. सुरुवातीला गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, आत कोणी माहितगार माणूस आहे का? ती म्हणायची, मीच आहे, गाडी कुठली, साल कुठलं. आता तेच लोक तिच्या नावाचं पॅडी करून, आत आल्या आल्या "पॅडी आहे का?" म्हणून विचारत. पॅडी रजेवर असली तर उद्या येतो म्हणत.

हे ज्ञान तिने अमेरिकेत मिळवलं नव्हतं. मिरजेत अण्णांचं गॅरेज होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून ती कार्बुरेटर उघडायला बसायची, कारण तिची बोटं बारीक होती आणि भावाची जाड. पण गॅरेज मिळालं भावाला. त्याने चार वर्षांत तिथे मोबाइलचं दुकान टाकलं. पद्मिनीला मिळालं हर्नडनचं स्थळ, त्यानंतर सात वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसणं, आणि अण्णांचा एक पाना, बारा-तेराचा, जो तिने साड्यांच्या घडीत लपवून आणला होता.

गाडी तिने तीन वर्षांपूर्वी आणली. १९७२ ची होंडा मोटरसायकल, साडेतीनशे सीसीची, सुटी करून आठ खोक्यांत भरलेली. दुकानात नेहमी येणारा एक म्हातारा इलेक्ट्रिशियन वारला आणि त्याच्या बायकोला गराज रिकामं करायचं होतं. तीनशे डॉलरला सौदा झाला. रवींद्रने खोकी बघितली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "आपण भंगारवाले आहोत का?" दुसरं होतं, "कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस आली तर तूच उत्तर दे."

मग तिने एकेक करून ती आठ खोकी उघडली. पैसे मोजकेच होते, म्हणून डोकं चालवावं लागलं. गंजलेलं क्रोम तिने ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने घासलं, तासन् तास. साइड कव्हरचं गॅस्केट सीरिअलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं. सीटवर जुन्या सोफ्याचं रेक्झिन शिलाई मशीनवर शिवून चढवलं, आणि इतकं ताठ बसवलं की सुरकुती शोधून सापडू नये. हँडल मूळचं उंच होतं, ते तिने आपल्या साडेपाच फुटांच्या मापाने बदलून बसकं केलं. आणि गेल्या मे महिन्यात, टाकी अजून गंजलेली होती म्हणून, सलाइनसारखी पेट्रोलची बाटली छताला टांगून तिने किक मारली. सातव्या किकेला इंजिन बोललं. शेजारचे दोघं बाहेर येऊन टाळ्या वाजवून गेले.

त्या दिवसापासून रवींद्रच्या तोंडी भंगार "आपली गाडी" झालं. महिन्याभरात "माझी गाडी" झालं.

आणि हे नुसतं बोलण्यात राहिलं नाही. मालकीचा कागद करायला ती ड्युटीवर असताना रवींद्र एकटाच जाऊन आला. कागदावर नाव एकट्याचं. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "लाइन मोठी होती, दोन नावांचा फॉर्म वेगळा असतो, आता त्याचं काय एवढं." तेव्हा ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला आज सकाळी फार महाग वाटत होतं.

"शुक्रवारीच मागवलीत ही टाकी," ती म्हणाली.

"बॅकअप. प्रोजेक्टमध्ये बॅकअप ठेवतात. तुला नाही कळायचं."

"जुनी टाकी वाचणार नाही हे तुम्हाला शुक्रवारी माहीत होतं, आणि पूजा उठवली शनिवारी."

"खंडेनवमीची पूजा मध्येच उठवतात का? तुझे अण्णा उठवायचे?"

इथे तो बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवत होता. अण्णा उठवत नसत. नवमीला पाने, हातोड्या, स्क्रूड्रायव्हर धुऊनपुसून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत गॅरेजमधल्या कोणीही हत्याराला हात लावायचा नाही. एकदा एका फौजदाराची गाडी अडकली होती तरी अण्णांनी लावला नव्हता. पद्मिनीने आयुष्यात बरेच नियम मोडले, हा एक मोडला नव्हता.

म्हणून तिने हिशेब करूनच सोमवारी रात्री गंज काढायला टाकीत चिंचेचा कोळ आणि व्हिनेगर भरलं होतं. बुधवारी पहाटे रिकामी करायची, सोड्याने धुवायची, हेअर ड्रायरने वाळवायची, आतून तेल फिरवायचं, आणि मग पूजेला ठेवायची. पण मंगळवारी रात्री तिला दुकानात मालमोजणीला थांबवून घेतलं. ती बुधवारी सकाळी आठला परतली तेव्हा पूजा मांडून झाली होती. मधोमध टाकी, बूच लावलेली, वर स्वस्तिक, झेंडूची माळ. आत काय भरलंय हे रवींद्रने बघितलंच नव्हतं.

तिने मनाशी म्हटलं, उद्या दसरा. एकच दिवस जास्त. चालेल.

पण मंडळाचा दसरा शनिवारी होता. इथे सगळेच सण वीकेंडला सरकतात, गणपती काय आणि संक्रांत काय, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. रवींद्रने मात्र पूजा पंचांगाने बसवली आणि मंडळाच्या कॅलेंडरने उठवली. शनिवारी सोळा माणसं गराज बघायला येणार होती. "तोवर मांडणी हलवायची नाही," असं त्याने, आत आंबट भरलंय हे तिने सांगितल्यावरही, बजावलं होतं. पद्मिनी गुरुवारी टाकीजवळ गेली, दोन मिनिटं उभी राहिली आणि परत फिरली. शुक्रवारीही तेच. गंजाने आधीच पातळ झालेला पत्रा आत आंबटात बसून होता आणि ती अण्णांचा नियम पाळत होती.

"तूच नाही हात लावलास," रवींद्र म्हणाला. "मी घरी नव्हतो गुरुवारी. कोण बघत होतं? काढायची, धुवायची, परत ठेवायची. एवढी मोठी मेकॅनिक ना तू."

"हे तुम्ही मला सांगताय."

"मग कोण सांगणार? गुरुजी?"

सिया, त्यांची मुलगी, दोन दिवसांसाठी एडिसनहून आली होती. ती कॉफीचा मग घेऊन आतल्या दारात उभी राहिली. "गाइज, इट्स नाइन इन द मॉर्निंग."

"तू आत जा," दोघं एकदम म्हणाले. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

"आय ॲम जस्ट सेइंग. बाबा, ती पोस्ट तरी डिलीट करा. इट्स एम्बॅरसिंग."

पोस्ट मंडळाच्या ग्रुपवर होती. शनिवारी संध्याकाळी टाकलेली. गाडीवर हात ठेवून उभा असलेला रवींद्र, खाली मजकूर: तीन वर्षांचा ध्यास, स्वतःच्या हातांनी, बजेटमध्ये. शेवटी हात जोडलेलं चित्र आणि एक ओळ. गृहमंत्र्यांचे विशेष आभार, वेळोवेळी चहा पुरवल्याबद्दल.

एकशे बारा अंगठे आले होते. मंडळातल्या प्रीताकाकूने लिहिलं होतं, भाग्यवान आहात, चहा करणारी मिळाली.

"गंमत होती ती," रवींद्र म्हणाला. "ह्यूमर कळत नाही तुम्हा दोघींना."

"माझ्या नखांत बघा," पद्मिनी म्हणाली, "चहापत्ती दिसते का."

"अगं, आपण एकच ना? तुझं काय, माझं काय. पुढच्या शनिवारी कोजागिरीच्या कार्यक्रमाला मी गाडी चालवत हॉलच्या दारापर्यंत नेणार आहे. सांगून झालंय. नवी टाकी बसव, विषय संपला."

"ही टाकी या फ्रेमवर बसत नाही."

"युनिव्हर्सल आहे."

"युनिव्हर्सल म्हणजे कशावरच नीट न बसणारी. फ्रेमवरचे पुढचे दोन खुंट कापावे लागतील. ते कापले की मूळची टाकी पुन्हा कधीच बसणार नाही."

"मूळची भोकं पडलेली आहे."

"तीन भोकं आहेत. कथलाचा डाग देऊन बुजतात. दोन आठवडे द्या मला. फ्रेमला हात लावू नका, एवढंच मागतेय. बाकी नाव लावा, फोटो काढा, चहाचे आभार माना. फ्रेम नका कापू."

हे बोलताना तिचा आवाज खाली आला होता. तीन वर्षांत तिने या माणसाकडे गाडीसाठी काहीही मागितलं नव्हतं. सियाने कॉफीचा मग खाली ठेवला.

रवींद्रने खोकं बाजूला ठेवलं. टेबलावरचा लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला, पद्मिनीनेच जुन्या सामानाच्या गराज सेलमधून आणलेला.

"गाडी माझ्या नावावर आहे," तो म्हणाला. शांतपणे, मीटिंग संपवताना बोलावं तसं.

"बाबा, डोन्ट."

पहिला खुंट कापायला मिनिटही लागलं नाही. ठिणग्या रेक्झिनच्या सीटवर उडाल्या, दोनतीन बारीक डाग पडले. दुसऱ्याला जरा वेळ लागला, कारण चकती तिरकी जात होती. लोखंडाचा तुकडा खाली पडून पद्मिनीच्या चपलेपर्यंत घरंगळत आला. तिने तो उचलला नाही.

रवींद्रने नवी टाकी फ्रेमवर ठेवली. ती डावीकडे कलली. त्याने ती सरळ केली, ती उजवीकडे कलली. एका हाताने धरून तो खाली वाकला. पेट्रोलचा कॉक भलत्याच बाजूला आला होता, आणि खाली दोन कार्बुरेटर, चार नळ्या आणि पद्मिनीने स्वतःच्या खुणेच्या रंगीत दोऱ्यांनी बांधलेल्या वायरींचा जुडगा होता. त्याने मोकळ्या हाताने एक नळी चिमटीत धरली.

"ही नळी कुठे जाते?"

पद्मिनीने कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले. दोनदा साबण लावला.

"पद्मिनी, नळी कुठली, एवढं सांग. बाकी मी बघतो."

तिने फडक्याने एकेक बोट पुसलं, फडकं दांडीवर घातलं.

"शनिवारी चालू होईल ना ही? लोकांना सांगून बसलोय मी. अगं, तुझ्याशी बोलतोय."

गराजचं मोठं दार उघडंच होतं. ती भोकं पडलेली टाकी काखेत मारून ड्राइव्हवेवरून रस्त्याकडे चालू लागली. मागून त्याने आणखी एकदा हाक मारली. नवी टाकी हातातून सोडता येत नव्हती म्हणून तो जागेवरूनच ओरडत होता. ती वळणावर उजवीकडे वळली.